प्राचीन स्थळी चित्र काढायला जाताना

परदेशातल्या अभ्यासदौऱ्याची माती होते ती ठिकाणांच्या लांबलचक यादीपायी. दहा दिवसांत पाच शहरं, रोज दोन अवशेष, आणि परतताना हाती काय, तर फोनमधले हजारभर फोटो, जे कुणीही काढले असते. प्राचीन वास्तू किंवा उघडा-बोडका कडा एका फेरीत कळत नाही. सकाळी तो खोल दिसतो, भर दुपारी सपाट होतो आणि उतरत्या उन्हात त्याचे कोपरे पुन्हा वर येतात. दोन आठवड्यांच्या दौऱ्यात मुक्कामाची ठिकाणं दोनच ठेवा, फार तर तीन. प्रत्येक ठिकाणी चार पूर्ण दिवस हवेतच. येण्याजाण्याचा दिवस त्यात धरू नका.

फ्रेंच चित्रकार देलाक्रुआ १८३२ साली एका राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर मोरोक्कोला गेला. तिथे त्यानं वह्या भरल्या. झटपट रेखाटनं केली, त्यावर जलरंगाचा हलका हात दिला आणि कडेला भिंतीचा, कपड्याचा, सावलीचा रंग शब्दांत लिहून ठेवला. त्या शिदोरीवर तो पुढे आयुष्यभर मोरोक्कोची चित्रं करत राहिला. दौऱ्याकडे याच नजरेनं पाहा. तिथे पूर्ण चित्रं झाली तर उत्तमच, पण खरं काम आहे ते पुढची काही वर्षं पुरेल असा पक्का, तपशिलाचा साठा गोळा करण्याचं.

आधी प्रश्न, मग देश

"मला इजिप्त पाहायचंय" हे पर्यटकाला पुरतं, चित्रकाराला नाही. चित्रातला एखादा अडलेला प्रश्न घ्या आणि तो जिथे सुटेल अशी जागा शोधा. कोरीव रेष उन्हात कशी उमटते हा प्रश्न असेल तर इजिप्तमधलं लक्सर. पायऱ्या, चौथरे आणि रिकामी जागा यांची प्रमाणं पाहायची असतील तर मेक्सिकोतलं मोन्ते आल्बान. एकच कथा भिंतीवरून सलग कशी चालवतात हे हवं असेल तर इंडोनेशियात जावा बेटावरचं बोरोबुदुर. तिथे २,६७२ शिल्पपट आहेत आणि ते पूर्वेच्या दारापासून सुरू करून, वास्तू उजवीकडे ठेवत, प्रदक्षिणेच्या क्रमानं वाचायचे असतात. उलट दिशेनं गेलात तर कथाही उलटी वाचली जाते. दगडातच रंगांचे पट्टे पाहायचे असतील तर जॉर्डनमधलं पेट्रा, जिथे वालुकाश्मात लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडमुळे लाल, जांभळट, पिवळे थर उतरले आहेत.

योझेफ आणि अ‍ॅनी आल्बर्स (तो चित्रकार, ती विणकर) १९३५ पासून पुन्हा पुन्हा मेक्सिकोला जात राहिले. योझेफनं मातीच्या घरांच्या दर्शनी भिंती पाहिल्या आणि १९४७ मध्ये त्यातून दोन खिडक्यांसारखे आयत असलेली एक अमूर्त मालिका सुरू केली. चित्रकार पाउल क्ले १९२८ च्या अखेरीस इजिप्तला गेला; परतल्यावर १९२९ मध्ये त्यानं आडव्या-उभ्या पट्ट्यांत शेतं आणि वाटा मांडल्या. योझेफ आणि क्ले, दोघांनीही पिरॅमिडची चित्रं आणून टांगली नाहीत. पाहिलेल्या गोष्टीची रचना उचलली. निघण्यापूर्वी वहीच्या पहिल्या पानावर आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. तिथे रोज संध्याकाळी तो वाचला की दुसऱ्या दिवशी काय सोडायचं हे आपोआप ठरतं.

काही ठिकाणी मूळ वस्तू पाहायला मिळतच नाही, हे आधीच लक्षात घ्या. फ्रान्समधली लास्कोची गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे आणि शोव्हेची गुहा १९९४ मध्ये सापडल्यापासून कधी उघडलीच नाही. दोन्हींच्या प्रतिकृती मात्र बारकाईनं केलेल्या आहेत. भिंतीचा फुगवटा पाहून आदिम चित्रकारानं प्राण्याचा खांदा कुठे बसवला, हे तिथेही नीट शिकता येतं.

ऊन कुठून येतं ते घरी बसून काढा

ऋतू ठरवताना थंडी-उकाडा नंतर बघा, आधी सूर्याची उंची पाहा. लक्सरला जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८८ अंशांवर, म्हणजे थेट डोक्यावर असतो. डिसेंबरात तो साधारण ४१ अंशांपर्यंतच चढतो. जूनमध्ये बाहेरच्या भिंतींवर काम करण्याजोगी सावली सकाळ-संध्याकाळ थोडाच वेळ मिळते. हिवाळ्यात ती बराच वेळ टिकते.

मग वास्तूचं तोंड कुठे आहे ते पाहा. कंबोडियातल्या अंगकोर वाट मंदिराचं मुख्य प्रवेशद्वार पश्चिमेला आहे, म्हणून पहाटे समोरून फक्त काळी आकृती मिळते. दगड उजळतो तो दुपारनंतर. पेट्राचा 'खजिना' नावाचा प्रसिद्ध कोरीव दर्शनी भाग अरुंद घळीच्या तोंडाशी असल्यानं त्याच्यावर थेट ऊन सकाळी थोडा वेळच येतं, आणि तिथला डोंगरावरचा मठ मात्र दुपारनंतर उजळतो. ही माहिती नकाशावरून आणि सूर्याची दिशा दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपवरून आधीच काढता येते. प्रत्येक ठिकाणासाठी एक कागद करा: साधा नकाशा, उत्तरेचा बाण, आणि सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी चार या वेळांचे तीन बाण. एवढ्यावर दिवसाचा क्रम ठरतो.

इथे एक गोष्ट जवळून समजून घ्या, कारण ती चुकली की परतल्यावर सगळी रेखाटनं संशयास्पद वाटू लागतात. इजिप्तमध्ये कोरीव काम दोन तऱ्हांचं आहे. एकात आकृतीभोवतीचा दगड काढून आकृती वर आणलेली असते. दुसऱ्यात आकृती पृष्ठभागाच्या आत खोदलेली असते. बाहेरच्या, उन्हातल्या भिंतींवर बहुधा ही दुसरी तऱ्हा दिसते, कारण प्रखर उजेडातही खोदलेल्या कडेत गडद सावली धरून राहते आणि रेष लांबून वाचता येते. दोन्हींतला छायाप्रकाश मात्र नेमका उलटा पडतो. ऊन डावीकडून येत असेल तर उठावदार आकृतीची डावी कड उजळते आणि उजवीकडे सावली पडते. खोदीव आकृतीत डाव्या कडेच्या आतल्या बाजूला सावली असते आणि उजवी कड चमकते. फोटोवरून घरी रंगवताना ही बाजू नकळत बदलली जाते आणि खोदलेला राजा फुगून बाहेर आल्यासारखा दिसतो. त्यामुळे प्रत्येक रेखाटनाच्या कोपऱ्यात उन्हाचा बाण काढा आणि "खोदीव" किंवा "उठाव" असा शब्द लिहा.

लक्सरमधल्या कर्नाक मंदिराच्या खांबांच्या मोठ्या दालनात दोन्ही तऱ्हा एकाच ठिकाणी आहेत: उत्तरेकडच्या भागात राजा पहिल्या सेतीच्या काळातलं नाजूक उठाव काम, दक्षिणेकडे दुसऱ्या रामसेसचं खोल खोदकाम. पहिला दिवस इथे घालवा. दोन्हींची एकेक वीतभर जागा निवडा आणि एकाच आकारात, एकाच पेन्सिलनं शेजारी शेजारी काढा.

परवानगी, तिकीट आणि बसायची जागा

हातात धरलेल्या वहीला सहसा कुणी हरकत घेत नाही. ईझल (चित्र टेकवायचा तीन पायांचा स्टँड) उभं केलं की पहारेकरी येतो, कारण अनेक ठिकाणी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा नियम तीन पायांच्या कुठल्याही गोष्टीला लावतात. ईझल हवंच असेल तर स्थळाच्या व्यवस्थापनाला दोन-तीन महिने आधी लिहा. पत्रात तारीख, वेळ, कागदाचा आकार, रंगाचं माध्यम, किती जागा व्यापणार आणि चित्रं विक्रीसाठी आहेत की अभ्यासासाठी, एवढं हवं. परवानगीचं पत्र छापून सोबत ठेवा, शक्य असेल तर स्थानिक भाषेतही. दारावरच्या माणसाला फोनमधली ईमेल दाखवून काम होईलच असं नाही.

संग्रहालयांत बहुतेक ठिकाणी पेन्सिल चालते. शाई, जलरंग, चारकोल चालत नाहीत. म्हणून संग्रहालयाचा दिवस पूर्णपणे पेन्सिलचा धरा. बसायला स्टूल काही संग्रहालयं स्वतः देतात, विचारून घ्या.

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर आणि माचू पिक्चूला आता ठरलेल्या वेळेची तिकिटं असतात. माचू पिक्चूला वाटही ठरलेली असते आणि मागे फिरता येत नाही. अशा जागी दोन तास एका ठिकाणी बसून काम होणार नाही हे गृहीत धरा. छोटी रेखाटनं उभ्यानं करा आणि मोठं काम बाहेरून, समोरच्या टेकडीवरून करा. अ‍ॅक्रोपोलिससाठी फिलोपाप्पूची टेकडी या कामाला फार चांगली आहे.

ऑस्ट्रेलियातल्या उलुरूसारख्या ठिकाणी प्रश्न फक्त गर्दीचा नाही. ती जागा अनांगू लोकांची पवित्र भूमी आहे. काही भागांची छायाचित्रं, चित्रं काढू नयेत अशी त्यांची सूचना असते आणि विक्रीसाठीच्या कामाला वेगळा परवाना लागतो. आदिवासी समाजांची ठिपक्यांची किंवा जाळीदार रेषांची नक्षी अनेकदा विशिष्ट कुळाच्या मालकीची असते. ती आपल्या कॅनव्हासवर उतरवणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलणं आहे. भूप्रदेश रंगवा, उजेड रंगवा, त्यांची चिन्हं त्यांच्याकडे राहू द्या.

कोरीव कामावर कागद ठेवून पेन्सिल किंवा मेण घासून ठसा घेणं पूर्ण बंद करा, कुणी पाहत नसलं तरीही. पहिल्या सेतीची कबर १८१७ मध्ये उघडली गेली. नंतर घेतलेल्या ओल्या कागदाच्या ठशांबरोबर भिंतीवरचा हजारो वर्षं टिकलेला रंग निघून आला. हाताचं तेल आणि घामसुद्धा दगडात मुरतो.

व्हिसाबद्दल थोडक्यात: शेंगेन देशांत (युरोपातले सामायिक व्हिसाचे देश) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन कार्यशाळा घेणं किंवा चित्रं विकणं हे काम करणं मानलं जाऊ शकतं. रेसिडेन्सीवर (एखाद्या संस्थेत राहून काम करायला) जात असाल तर कुठला व्हिसा लागेल हे त्या संस्थेकडून लेखी घ्या. रेसिडेन्सीचे अर्ज बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर आधी भरावे लागतात.

सामान

रंगसाहित्याचं एकूण वजन चार किलोच्या आत ठेवा. त्यापुढचं सामान तिसऱ्या दिवशी हॉटेलवरच राहतं.

एक ए५ आकाराची जाड कागदाची वही, १५० ते २०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम), शिवलेली. डिंकानं चिकटवलेल्या वह्या उष्णतेत सुटतात. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा शंभर टक्के कापसाचा कागद, साधारण १८ बाय २६ सेंमीचा ब्लॉक. एचबी, २बी आणि ६बी पेन्सिली, न पसरणाऱ्या शाईचं एक पेन, ६ आणि १० नंबरचे गोल ब्रश, अर्ध्या इंचाचा एक चपटा ब्रश. पाव लिटरची पाण्याची बाटली, सुती फडकं, चार क्लिपा, एक किलोच्या आतलं फोल्डिंग स्टूल. फोटोतला रंग ताडायला एक करडं कार्ड.

रंग बारा अर्धे पॅन (जलरंगाच्या छोट्या घट्ट वड्या) पुरतात. दगड आणि वाळवंटासाठी यलो ऑकर, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, लाइट रेड, रॉ अंबर हे पाच मातकट रंग पाया आहेत. त्यावर अल्ट्रामरीन, सेरुलियन, एक थंड लाल, एक लिंबासारखा पिवळा, एक हिरवा. उरलेल्या दोन जागा तुमच्या प्रश्नासाठी. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणातून करडी सावली हवी तशी गरम किंवा थंड करता येते, आणि वाळवंटातल्या सावलीत आकाशाचा निळा इतका उतरलेला असतो की काळा तिथे लगेच परका दिसतो.

विमानात टर्पेन्टाईन, मिनरल स्पिरिट आणि फिक्सेटिव्हचा (पेस्टल, चारकोल पक्का करणारा) स्प्रे कुठल्याच बॅगेत चालत नाही, कारण ते ज्वालाग्राही आहेत. नळीतले तैलरंग मात्र चालतात: त्यांतल्या जवसाच्या तेलाची वाफ पेट घ्यायला २०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं आणि नियमातली मर्यादा ६० अंशांची आहे. तरीही तपासणीत अडतात, कारण "ऑइल पेंट" हे नाव ऐकूनच शंका येते. कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या रंगाची सेफ्टी डेटा शीट (धोक्यांची माहिती देणारा कागद) छापा, नळ्यांबरोबर पारदर्शक पिशवीत ठेवा आणि नळ्या मोठ्या बॅगेत टाका. कटर आणि पॅलेट नाइफही तिथेच. ब्रश करडईच्या तेलानं पुसून, मग साबणानं धुता येतात. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून पिशवीत कोंबू नका. ती स्वतःहून तापून पेटू शकतात. पसरून वाळवा.

तैलचित्रं करणार असाल तर परतीच्या आधीचे तीन-चार दिवस तेलाला हात लावू नका. अंबर लवकर वाळतो, पण कॅडमियम आणि आयव्हरी ब्लॅक ओले राहतात आणि सामानात एकमेकांना चिकटतात. पेस्टल किंवा चारकोलच्या प्रत्येक कागदावर ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद ठेवा आणि गठ्ठा दोन पुठ्ठ्यांत इतका घट्ट बांधा की आत काहीही सरकणार नाही. डाग पडतात ते दाबामुळे कमी आणि घासण्यामुळे जास्त.

जागेवर

पहिल्या दिवशी पूर्ण परिसर चाला आणि फक्त ५ बाय ७ सेंमीची छोटी चौकट-रेखाटनं करा, पंधरा-वीस. प्रत्येकात तीनच टोन: पांढरा, मधला, गडद. जी चौकट तीन टोनांत उभी राहत नाही ती रंगांनीही उभी राहणार नाही. संध्याकाळी त्यातल्या तीन निवडा. पुढचे दिवस त्या तीनच जागांवर, वेगवेगळ्या वेळी.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दीड तासानंतर तुमच्यासमोरची सावली वेगळी असते. बसल्याबरोबर आधी सावल्यांच्या कडा आखा, वेळ लिहा, आणि मग त्या बदलल्या तरी हात लावू नका. बहुतेक चित्रं बिघडतात ती इथेच: अर्ध्या भिंतीवर नऊची सावली आणि अर्ध्यावर साडेदहाची. दीड तास झाला की कागद बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत या.

कागद कधीही थेट उन्हात ठेवू नका. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, रंग आहेत त्यापेक्षा उजळ भासतात, आपण ते गडद करत जातो आणि खोलीत आल्यावर चित्र मळकट दिसतं. छत्री पांढरी किंवा करडी घ्या. रंगीत छत्री तिचा रंग कागदावर टाकते. गॉगल रंगवताना काढाच.

कोरड्या उष्ण हवेत वॉश (पाणीदार रंगाचा थर) पसरायच्या आत वाळतो आणि कडक कडा राहतात. कागद मागून ओला करा, रंगाच्या पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका आणि एका वेळी लहान भागच घ्या. ग्लिसरीन जास्त झालं तर रंग चिकट राहतो. दमट हवेत नेमकं उलटं: अंगकोरला पावसाळ्यात पहिला थर वाळतच नाही आणि दुसरा थर दिला की चिखल होतो. तिथे एकाच वेळी दोन कागद चालवा, कमी पाणी घ्या, आणि रात्री कागद व पॅन सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा, नाहीतर आठवड्यात बुरशीचे ठिपके दिसतात. उंचीवर अडचण तुमच्या शरीराची असते. पेरूतलं कुस्को ३,४०० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस तिथे हातात फक्त पेन्सिल आणि बाटलीभर पाणी ठेवा.

फोटो काढा, पण मोजमापासाठी. फोन सावली काळी करतो आणि आकाश पांढरं करतो, म्हणून एकच दृश्य दोनदा टिपा: एकदा सावलीवर प्रकाश धरून, एकदा आकाशावर. एका फोटोत करडं कार्ड आणि पेन्सिल ठेवा. रंग आणि आकार दोन्ही पुढे ताडून पाहता येतात. कबरींच्या आत विजेचे दिवे असतात, त्यांच्या उजेडाचा रंग वेगळा आणि दिशाही कृत्रिम; तिथल्या रंगाच्या नोंदीपुढे "दिव्याचा उजेड" असं लिहा.

माणसं काढायची असतील तर आधी नजरेनं किंवा शब्दानं विचारा आणि नकार आला की वही मिटा. रेखाटन झाल्यावर दाखवा. मागितलं तर झटपट दुसरं काढून द्या.

परत येताना

जमिनीवर पडलेला खापराचा तुकडा, फरशीचा कपचा, मूठभर रंगीत माती, काहीही उचलू नका. इजिप्त, तुर्कस्तान आणि ग्रीसमध्ये पुरावस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर कपचा कुठून आला हे सिद्ध करणं तुमच्याकडेच येतं. माती तर अनेक देशांत वनस्पतिरोगांच्या भीतीनं आत घेऊ देत नाहीत. मातीचा रंग हवा असेल तर जागेवरच पॅनमधल्या रंगांनी तो जुळवून लहान चौकोन रंगवा आणि मिश्रण शेजारी लिहा. प्रतिकृती विकत घेतली तर पावती जपा.

आपल्या चित्रांचा प्रत्येक टप्प्यावर तारखेसह फोटो ठेवा आणि यादी करा: आकार, माध्यम, "स्वतः केलेलं, विक्रीसाठी नाही". तयार चित्रं प्रदर्शनासाठी नेत-आणत असाल तर एटीए कार्नेट (माल तात्पुरता परदेशी नेऊन सीमाशुल्काशिवाय परत आणण्याचा कागद) उपयोगी पडतं. ते वर्षभर चालतं, पण रंगांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू त्यात येत नाहीत. लाकडी पेटीनं पाठवायची असतील तर लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवल्याचा शिक्का हवा. पुठ्ठ्याच्या नळीला ही भानगड नाही.

घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, आठवण ताजी असताना, प्रत्येक पानावर ठिकाण, तारीख, वेळ, उन्हाची दिशा भरून घ्या. मग फोटो बंद ठेवून फक्त वहीवरून एक मोठं रेखाटन करा. जिथे हात अडेल तिथे खूण करा आणि तेवढ्याच जागेसाठी फोटो उघडा. फोटोतही जे मिळत नाही त्याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: कोणती भिंत, कुठली वेळ, काय पाहायचं राहिलं.